नालीत रेती, घरात पाणी



हरभरा आणि गहू घरात आला की आपल्या गावात दोन गोष्टी जोरात सुरू होतात, लग्नं आणि बांधकामं. कोणाचा घरकुलाचा हप्ता पडलेला असतो, कोणाला लेकाच्या लग्नाआधी वरची खोली काढायची असते. मेहकर तालुक्यातल्या आमच्या डोणगावात काय आणि तुमच्या गावात काय, मार्च ते मे या तीन महिन्यांत गल्लीगल्लीत रेती, गिट्टी, विटा आणि पाडलेल्या भिंतींचे ढीग दिसतात. त्याला आपण मलबा म्हणतो. पुण्याकडे राडारोडा म्हणतात, मुंबईत डेब्रिज. नाव काहीही घ्या, मृग लागला की त्यातला बराचसा माल एकाच ठिकाणी जातो, तो म्हणजे नालीत. आज आम्ही त्या नालीबद्दल बोलणार आहोत. विषय घाणेरडा वाटेल, पण नाली तुंबल्यावर रात्री दोन वाजता ताटलीने घरातलं पाणी उपसायला कोण उठतं, ते तुम्हाला माहीत आहे.

आधी हिशेब करू. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट. राज्याच्या वाळू धोरणात घरकुलवाल्यांना पाच ब्रासपर्यंत रेती मोफत देण्याची तरतूद आहे, म्हणजे पाचशे घनफूट. एवढी रेती दहा फूट रुंदीच्या गल्लीत एक फूट जाडीने पसरली, तर पन्नास फूट गल्ली भरते. आता गल्लीतली नाली घ्या, एक फूट रुंद आणि एक फूट खोल. तिचे पन्नास फूट काठोकाठ भरायला फक्त अर्धा ब्रास रेती पुरते. म्हणजे पाच ब्रासातला दहावा हिस्सा जरी घसरून, पायाने ढकलून, पावसाने वाहून नालीत गेला, तरी चार-पाच घरांसमोरची नाली संपली. आणि रेती महाग आहे. नालीत जाते ती तुमच्याच घराच्या भिंतीतली जाते.

“पाणी त जातेच ना, थोडीशी रेती असली म्हणून काय झालं?” असं मिस्त्री म्हणतात. तर ऐका. एक फुटाची नाली अर्धी भरली म्हणजे पाणीही अर्धं जाईल असं आपल्याला वाटतं. तसं होत नाही. नाली उथळ झाली की पाण्याला तळाची आणि काठांची घासण जास्त लागते, पाण्याचा वेगच कमी होतो. मोजमाप करणाऱ्यांच्या सूत्राने पाहिलं तर अर्ध्या भरलेल्या नालीतून पूर्वीच्या पाण्याचा साधारण दोन पंचमांश भाग जातो. तळाला विटांचे तुकडे, सिमेंटचे खडबडीत गोळे असतील तर त्याहूनही कमी.

पाणी किती येतं तेही पाहू. एक मिलिमीटर पाऊस एक चौरस मीटर जागेवर पडला की एक लिटर पाणी होतं. सहाशे चौरस फुटांच्या छतावर तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस झाला तर एकट्या त्या छतावरून सुमारे २८०० लिटर पाणी खाली येतं. गल्लीत अशी चाळीस घरं धरली तर एक लाख लिटरच्या वर, म्हणजे दहा हजार लिटरचे अकरा टँकर. अंगण आणि रस्ता यात धरलेलाच नाही. पूर्वी धाब्याच्या घरांची माती, उघडी अंगणं, परसातली झाडं थोडं पाणी पिऊन घेत. आता स्लॅब आहे, फरशी आहे, गल्लीत सिमेंटचा रस्ता आहे. सगळं पाणी एकदम नालीकडे धावतं.

रेती नालीत गेल्यावर काय होतं, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. तांदूळ रोळताना आपण काय करतो? पाणी हलवत ठेवलं की तांदूळ पुढे सरकतो आणि खडा तळाला राहतो. नालीतही तेच. पाणी जोरात असेल तोवर रेती पुढे जाते. जिथे नाली वळते, जिथे तिच्यावर कोणी गाडी चढवायला फरशी टाकलेली असते, जिथे ती पाइपात शिरते, तिथे पाण्याचा जोर मोडतो आणि रेती बसते. तिच्यावर सिमेंटची रिकामी गोणी अडकते, गोणीवर पालापाचोळा, त्यावर प्लास्टिक. म्हणून गंमत अशी होते की मलबा टाकणारा वरच्या आळीला आणि पाणी शिरतं खालच्या आळीत. गावाचा उतार ज्या बाजूला, तिथे बहुतेक वेळा कोणाची घरं असतात हे आम्ही वेगळं सांगत नाही.

रेतीपेक्षा वाईट म्हणजे सिमेंटचं पाणी. संध्याकाळी काम संपलं की घमेली, फावडी, थापी, मिक्सर नालीत धुतात. वाटतं, पातळ पाणीच तर आहे, वाहून जाईल. पण सिमेंट वाळून घट्ट होत नाही, ते पाण्याशी मिसळून घट्ट होतं. म्हणून तर विहिरीच्या आत, नदीच्या पुलाखाली काँक्रीट करता येतं. नालीच्या तळाला बसलेलं सिमेंट पाण्याखालीच दगड होतं. रेती फावड्याने निघते, हा दगड छन्नी-हातोडीशिवाय निघत नाही, आणि तो फोडताना नालीचा तळही फुटतो.

मोठ्या शहराने याचा काय अनुभव घेतला, तोही सांगतो. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. एवढा पाऊस कोणत्याही गटाराला झेपला नसता, हे खरं आहे. मुंबईची जुनी पावसाळी गटारं तासाला २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेली होती, आणि ती बदलायला हवीत असा ब्रिमस्टोवॅड नावाचा अहवाल १९९३ सालीच आलेला होता. पण त्या दिवशी पाणी तुंबण्यात मिठी नदीचाही मोठा वाटा होता. तिच्या काठावर वर्षानुवर्षं भराव टाकला गेला, मलबा पडला, बांधकामं झाली, पात्र आवळत गेलं. नंतर डॉ. माधव चितळे यांच्या समितीने या पुराची चौकशी केली. शेकडो माणसं गेली. आता तिथे महापालिकेची ‘डेब्रिज ऑन कॉल’ अशी सेवा आहे, फोन करून पैसे भरले की गाडी येऊन मलबा उचलते. दिल्लीत बुराडीला २००९ पासून मलबा दळून त्याच्या विटा आणि फरशा करण्याचा कारखाना आहे. आपल्या गावात फोनवर गाडी येणार नाही. पण आपल्याकडे मलबा मुंबईइतका नाही, आणि तो जिरवायला जागा आहे.

खरं तर खेड्यातला निम्मा मलबा कचरा नसतोच. जुनं धाब्याचं घर पाडलं की जी पांढरी माती निघते ती आपले सासरे-आजेसासरे बैलगाडीने शेतात नेत. जुन्या भिंतींच्या मातीने पीक चांगलं येतं, हे त्यांना ठाऊक होतं. तीच माती आज ट्रॅक्टरने नाल्यात ओततात. ती मागून घ्या, परसबागेत टाका. पण आधी पाहून घ्या, त्यात सिमेंट, चुन्याचा रंग किंवा काच नको. विटांचे तुकडे आणि फुटलेलं काँक्रीट नव्या घराच्या जोत्यात भरायला चालतं, गोठ्यात, पांदणीत खड्ड्यात घालायला चालतं. सळईचे तुकडे, टिन भंगारवाला घेऊन जातो. अपवाद सिमेंटच्या जुन्या पत्र्यांचा. त्यात अनेकदा अ‍ॅस्बेस्टॉस असतं, त्याची धूळ फुप्फुसाला घातक. ते पत्रे फोडू नका, पाणी मारून ओले करा, अख्खे उतरवा आणि लेकरांना तिथे फिरकू देऊ नका.

काम चालू असताना काय करायचं? ढीग नालीपासून निदान दोन-तीन फूट लांब टाकायला लावा, शक्य तर नालीच्या वरच्या अंगाला नको. ढिगाच्या खालच्या बाजूला रेतीने भरलेल्या चार-सहा गोण्यांचा बांध घाला. आभाळ दिसलं की ताडपत्री टाका आणि तिच्या कडेवर विटा ठेवा, नाहीतर पहिल्याच वावटळीत ती शेजारच्या छतावर जाते. हत्यारं धुवायला आपल्याच अंगणात दोन फूट लांब-रुंद आणि फूटभर खोल खड्डा करा. त्यात सिमेंटचं पाणी बसतं, वाळलेला थर दोन-तीन दिवसांनी काढून जोत्यात टाकता येतो. एवढ्याने बरंचसं काम होतं.

मिस्त्रीशी किंवा ठेकेदाराशी बोलताना मलबा कोण उचलणार हे पहिल्या दिवशीच ठरवा. “दोन दिसांत उचलतो ना काकू, काहून चिंता करता?” हे वाक्य प्रत्येकीने ऐकलेलं आहे. त्यावर आमचा उपाय सोपा आहे. गल्ली झाडून, नाली मोकळी करून दिल्यावरच शेवटचे पैसे. हे घरातल्या पुरुषमाणसांना आधी पटवावं लागतं, कारण पैसे बहुधा त्यांच्या हातून जातात.

शेजारणीशी बोलणं जास्त अवघड. तिचं घर होतंय याचा आपल्यालाही आनंद असतो, आणि नालीवरून भांडण काढणं शोभत नाही. आम्हाला असं दिसलं की एकटीने बोललं तर भांडण होतं, गटाने बोललं तर काम होतं. बचत गटाच्या बैठकीत कोणाकोणाकडे बांधकाम निघणार आहे ते विचारून ठेवा. रेती पडायच्या आधी बोलणं गोड राहतं, पडल्यावर ते टोचतं.

आता आजाराचं. तुंबलेल्या घाण पाण्यात क्युलेक्स डास वाढतो. पूर्व विदर्भात हत्तीरोग पसरवतो तो हाच. डेंग्यूचा डास मात्र साफ पाण्यात अंडी घालतो, म्हणजे बांधकामावरच्या ड्रममध्ये आणि हौदात. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, म्हणून ते पाणी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामं करून घासायला सांगा. तिसरी गोष्ट आपल्या लक्षात येत नाही ती नळाची. कितीतरी घरांचा नळाचा पाइप नालीतूनच गेलेला असतो. नळ सुटलेला असतो तोवर पाणी आतून बाहेर दाब देतं. नळ बंद झाला की पाइप रिकामा होताना आत ओढ बसते, आणि जोड ढिला असेल तर नालीतलं पाणी आत खेचलं जातं. म्हणून नाली तुंबल्यावर पंधरा दिवसांत गल्लीत हगवण लागली तर आश्चर्य नाही. पाइप नालीच्या वरून घ्यायला लावा. तोवर नळाचं पहिलं पाणी पिण्याला भरू नका, आणि पावसाळ्यात उकळून प्या.

कायद्याचं बळही आहे. बांधकामाच्या मलब्याबद्दल केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने २०१६ साली नियम काढले. मलबा ज्याचा, त्याने तो आपल्या जागेत ठेवायचा आणि त्याने रस्ता किंवा नाली अडता कामा नये, ही जबाबदारी त्यात मालकावर टाकलेली होती. घरकुलवालीला कायदा दाखवावा असं आम्हाला वाटत नाही. पण नाली बांधायला आलेला ठेकेदारच खोदलेली माती जुन्या नालीत लोटत असेल, तर त्याला जरूर दाखवा.

पैशांचं म्हणाल, तर पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी ग्रामपंचायतींना दिलेल्या निधीत तीस टक्के स्वच्छतेसाठी आणि तीस टक्के पिण्याच्या पाण्यासाठी राखून ठेवलेले होते. गावात असा निधी किती आला आणि कशावर गेला, हे ग्रामसभेत विचारायचा हक्क प्रत्येकीला आहे. आपल्याकडे ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यायची असते. १ मेच्या ग्रामसभेआधीची महिला सभा या कामासाठी सगळ्यांत सोयीची, कारण मृगाला महिनाभर उरलेला असतो. तिथे मलबा टाकायला एक जागा ठरवून मागा. ती नाल्याच्या काठाला नको, तळ्याच्या पाणलोटात नको, विहिरीजवळ तर नकोच. जुनी खदान किंवा रस्त्याकडेचा खोलगट भाग चालेल. आणि एक अट ठरावात लिहूनच घ्या. नालीतून काढलेला गाळ काठावर ठेवायचा नाही, दोन दिवसांत उचलायचा. नाहीतर नाली साफ केल्याचं बिल निघतं आणि पहिल्या सरीला गाळ जागच्या जागी परत येतो.

त्याच ठरावात नाली साफ करणाऱ्या माणसांसाठी गमबूट आणि जाड हातमोजेही मागा. फुटक्या फरशा, काचा, गंजलेले खिळे त्यांच्याच हातापायात घुसतात, आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायला त्यांना मजुरी पाडून दवाखान्यात जावं लागतं.