कौलांनी सांगितलेली जहाजाची गोष्ट

मृग जवळ आला, की कोकण-गोव्यातल्या घरांवर कौले चाळायची लगबग सुरू होते. फुटकी कौले काढायची, सरकलेली नीट बसवायची. एखाद्या जुन्या कौलावरचे शेवाळ खरवडले, की खाली कारखान्याचा शिक्का दिसतो. आपण तो क्षणभर वाचतो आणि कौल पुन्हा जागेवर ठेवतो.

अशाच एका शिक्क्याने गोव्याच्या समुद्रात बुडालेल्या एका मालवाहू जहाजाचा माग लावून दिला!

मुरगाव बंदराबाहेरच्या समुद्रात बेटे आहेत आणि पाण्याखाली लपलेले खडकही आहेत. शिडाच्या जहाजांना त्यांची फार भीती असे. दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या पुरातत्त्वज्ञांनी इथल्या 'सेंट जॉर्ज' खडकाजवळ बुड्या मारल्या, तेव्हा त्यांना तळाशी जहाज दिसलेच नाही. ना लाकूड, ना लोखंड. दिसला तो फक्त माल. धुराड्याच्या विटा, नक्षीदार खांबांचे भाग, आढ्यावरची कौले, सारे भाजलेल्या मातीचे. आणि त्यावर शिक्का होता 'बासेल मिशन टाइल वर्क्स, १८६५'.

मग जहाज १८६५ साली बुडाले का? इथेच घाई नडते. मंगळूरला बासेल मिशनचा कौलांचा पहिला कारखाना सुरू झाला, ते हे साल. पुढेही मालावर तेच छापले जाई. म्हणजे शिक्का एवढेच सांगतो, की हे जहाज १८६५ च्या आधी नक्कीच बुडालेले नाही.

पण मग जहाज गेले कुठे? खोल समुद्रात बुडालेले जहाज कधी कधी शतकानुशतके टिकते. उथळ पाण्यात मात्र लाटा त्याला दर पावसाळ्यात खडकावर आपटतात. उघड्या राहिलेल्या लाकडाला समुद्रातली कीड पोखरते. उरते ते भाजलेल्या मातीचे, दगडाचे किंवा वाळूत गाडले गेलेले.

आधी मोजा, मग उचला

उथळ म्हणजे सोपे, असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात तीन ते सहा मीटर खोलीवरचे काम फार चिवट असते. मोठी बोट खडकावर नेता येत नाही. लाटेचा हेलकावा पाणबुड्याला तळाशीही स्वस्थ बसू देत नाही. गढूळ पाण्यात हातभरापलीकडचे दिसेनासे होते. म्हणून पावसाळा संपून पाणी निवळण्याची वाट पाहावी लागते. त्यातही उधाणापेक्षा भांगाचे दिवस बरे, कारण तेव्हा पाण्याची ओढ कमी असते.

पाहणीची सुरुवात बोटीवरून होते. ध्वनिलहरी सोडून तळाचे चित्र मिळवतात. चुंबकमापक यंत्राने लोखंडाचा माग काढतात. मग पाणबुडे उतरतात. तळावर एक दोरी ताणून बांधायची आणि प्रत्येक वस्तूचे त्या दोरीपासूनचे अंतर फीतपट्टीने मोजायचे. पाण्यात चालणाऱ्या पाटीवर पेन्सिलीने नकाशा काढायचा आणि छायाचित्रे घ्यायची. हे सारे झाल्यावरच वस्तूला हात लावायचा.

एवढा खटाटोप कशासाठी? कारण वस्तूइतकीच तिची जागाही बोलते. ढीग कोणत्या दिशेला पसरला आहे, जड माल कुठे आहे, कशाखाली काय दबले आहे, यावरून जहाज कसे आदळले याचा अंदाज बांधता येतो. एकदा वस्तू हलवली, की ती माहिती कायमची गेली.

जवळच्याच 'सुंची' खडकावर तर मालाने दोन खंड जोडून दाखवले. तिथे हस्तिदंत आणि पाणघोड्याचे दात मिळाले. पाणघोडा फक्त आफ्रिकेतला. चिनी मातीच्या भांड्यांचे तुकडे मिळाले आणि ब्रह्मदेशातल्या मर्तबान बंदराच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बरण्यांचेही. लोणच्याच्या बरणीला हिंदीत 'मर्तबान' म्हणतात ना, तो शब्द याच बंदरावरून आला असे मानतात. भाजलेल्या मातीत काळाबरोबर साठत जाणारी ऊर्जा मोजून या भांड्यांचे वय साधारण साडेतीनशे वर्षे निघाले. म्हणजे काळ शिवछत्रपतींचा!

तिसरे जहाज 'अमी' खडकाळीवरचे. ते वाफेवर चालणारे. त्याचे बॉयलर आणि भट्टीच्या विटा तळाशी सापडल्या. भिलाईच्या पोलाद कारखान्यात काम करणाऱ्यांना या अग्निरोधक विटांची ओळख करून द्यायला नको.

आठवण म्हणून एक तुकडा

या जागा किनाऱ्यापासून फार दूर नाहीत आणि खोलही नाहीत. तोच त्यांना धोका आहे. हौशी पाणबुड्याला 'आठवण' म्हणून एखादा तुकडा न्यावासा वाटतो. कुणाला त्यात खजिना दिसतो, तर कुणी लोखंड भंगारात घालतो. शंभर वर्षांपेक्षा जुन्या अशा वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली येतात, हे अनेकांना ठाऊकही नसते. शिवाय घरी नेलेली वस्तू टिकत नाही. खाऱ्या पाण्यात मुरलेले लोखंड वाळले, की त्याचे पापुद्रे सुटतात. हस्तिदंताला चिरा पडतात. प्रयोगशाळेत अशा वस्तू महिनोन्‌महिने गोड्या पाण्यात ठेवून त्यांतले मीठ हळूहळू काढावे लागते.

या जहाजांवर कोण होते, त्यांतले किती वाचले, हे कौले सांगत नाहीत. पण माल कुठला आणि साधारण केव्हाचा, एवढे तरी त्या मातीच्या तुकड्यांनी राखून ठेवले. ते वाचायला कुणी येईपर्यंत त्यांना जागेवर राहू द्यावे, एवढेच आपल्या हाती आहे.

यंदा कौले चाळताना एखादा शिक्का दिसला, तर पोरांना जवळ बोलावून तो जरूर दाखवा. त्याची भावंडे गोव्याच्या समुद्रतळाशी आहेत.