उसनी लेखणी

शहाडसारख्या गावी बँकेत अगर टपालकचेरीत घटकाभर उभे राहिल्यास एक देखावा हटकून दृष्टीस पडतो. अंगात परीटघडीचा सदरा, खिशात भारी किमतीचा फोन, आणि तोंडी मात्र ‘जरा पेन देता का?’ ही याचना! खिडकीपाशी दोऱ्याने बांधलेल्या पेनातील शाई केव्हाच आटलेली असते. मग शेजाऱ्याच्या लेखणीने, आणि पुष्कळदा शेजाऱ्याच्याच हातून, फॉर्म भरला जातो व खातेदार दाखविलेल्या जागी सही करून मोकळा होतो. ही गोष्ट क्षुल्लक आहे, असे आम्हांस वाटत नाही.

लेखणी ज्याच्या हाती, हिशेब त्याच्या हाती, हा धडा महाराष्ट्राने मोठी किंमत देऊन घेतला आहे. 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकरी सावकारांवर उठले, तेव्हा त्यांचा मुख्य रोख सावकारांच्या जिवावर नव्हता, कर्जरोख्यांवर होता. ते कागद शेतकऱ्यांच्याच नावचे; पण त्यांतील एक अक्षरही त्यांपैकी बहुतेकांस वाचता येत नव्हते. पुढे 1879 साली कायदा होऊन असे दस्त गावच्या नोंदणी-अंमलदारासमोर व्हावेत अशी तजवीज झाली. लिहिणाऱ्यावर देखरेख आली. शेतकऱ्याच्या हाती लेखणी मात्र आली नाही. जोतीराव फुले यांनी 1883 साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून अविद्येवर प्रहार केला, तो याच दुःखापोटी. आज गावोगावी डॉ. आंबेडकरांचे पुतळे उभे आहेत. त्यांच्या कोटाच्या खिशास लावलेले पेन ही शोभा नव्हे. ज्यांना अक्षर नाकारले गेले, त्यांनी ते मिळविल्याची ती खूण आहे.

शहाडकरांस हे दूर जाऊन शिकावयास नको. लगतचे उल्हासनगर 1949 साली, फाळणीने घरदार सोडून आलेल्या सिंधी निर्वासितांच्या वसाहतीतून उभे राहिले. मागे राहिलेल्या मालमत्तेचे दावे तपासण्यासाठी 1950 साली कायदा झाला, तेव्हा घर गेले तरी त्याचा दावा कागदावर मांडावाच लागला. जेथे लिहिलेल्या एका ओळीस इतके मोल होते, तेथेच आज लेखणी उसनी मागितली जावी, हे आम्हांस खटकते.

यावर उपाय अगदी छोटा आहे: खिशात मावणारी आखूड झरणी. जर्मनीतील कावेको कंपनीने, तसेच 1960 नंतरच्या दशकात जपानातील पायलट, सेलर आदी कंपन्यांनी अशी पेने लोकप्रिय केली. यांतील युक्ती साधी आहे. कावेकोचे पेन मिटले म्हणजे सुमारे 10 सेंटिमीटर भरते. टोपण मागे चढविले की 13 सेंटिमीटरांचे होऊन हातात नीट बसते. कल्याणची गाडी येईपर्यंत फलाटावर उभ्याउभ्या चार ओळी लिहावयास ते पुरेसे आहे. शाईही परक्यांकडूनच आणावी असे नाही. 1931 साली मुंबईत दांडेकर बंधूंनी शाईच्या पुड्या व वड्या करून ज्या धंद्याचा पाया घातला, तोच पुढे कॅम्लिन या नावाने घरोघर पोचला.

कोणी म्हणेल, झरणी खिशात गळते. गळते, पण त्यास कारण आहे. अर्ध्या रिकाम्या पेनातील हवा अंगाच्या उष्णतेने फुगते व शाईस बाहेर लोटते. म्हणून शाई भरलेली ठेवावी, टोक वर करून पेन खिशास लावावे, आणि महिन्यातून एकदा साध्या पाण्याने धुवावे. निब बारीक घ्यावे. जाड निबाने मात्रा व अनुस्वार भरून जातात. साधी शाई पाण्याने पुसली जाते, हेही ध्यानी असावे. 26 जुलै 2005 चा महापूर या पट्ट्याने अनुभवला आहे. जपून ठेवावयाच्या नोंदी पाण्याने न जाणाऱ्या शाईनेच कराव्यात.

दुसरा आक्षेप असा की, बॉलपेन स्वस्त आहे आणि फोनात सर्व काही लिहिता येते. बॉलपेनने लिहिणाराशी आमचे भांडण नाही. मात्र टाकून द्यावयाची वस्तू सांभाळण्याची सवय लागत नाही, आणि सांभाळलेली वस्तूच वेळेस खिशात सापडते. फोनाचे म्हणाल, तर उधारीवर दिलेला माल, कामगारास दिलेली उचल, घरभाड्याची पावती ही त्याच क्षणी, दोन्ही पक्षांसमोर, स्वहस्ते लिहिली म्हणजे पुढचे निम्मे तंटे उद्भवतच नाहीत. मोठा हिशेब हिशेबनिसाच्या संगणकात खुशाल असो. त्याचा ताळा मालकाच्या वहीत असावा.

शेवटी एक गोष्ट आम्ही आग्रहाने सांगतो. घरात एक झरणी आणाल, तर ती घरधन्याच्याच खिशास लावू नका. घरखर्च जी चालविते, ठेवीच्या कागदावर ‘येथे सही कर’ एवढेच जिला सांगितले जाते, तिच्या पिशवीत पहिली झरणी व एक लहान वही असावी. कागद तिने आधी वाचावा, त्यातील रक्कम व तारीख आपल्या वहीत टिपावी, आणि मग सही करावी.