रानपिंगळ्याची चोरी

रिचर्ड माइनर्ट्झहागेन या माणसावर माझा जुना राग आहे. सलीम अलींचं आत्मचरित्र वाचलेल्यांना हे कर्नलसाहेब ठाऊक असतील. १९३७मध्ये दोघं अफगाणिस्तानात पक्षी शोधत हिंडले. साहेबांनी आपल्या डायरीत अलींविषयी जे तिरकस लिहिलं, ते अलींनी खिलाडूपणे स्वतःच्याच पुस्तकात छापलं. माझ्या रागाचं कारण मात्र वेगळं. या गृहस्थानं खानदेशातला एक पक्षी चोरला आणि तो गुजरातच्या नावावर चढवला.

हा पक्षी म्हणजे रानपिंगळा. आपल्याकडे जुन्या झाडांच्या ढोलीत राहणाऱ्या पिंगळ्याचा हा जंगली भाऊबंद. डोकं जवळजवळ बिनठिपक्यांचं, पंख-शेपटीवर ठसठशीत पट्टे, पंजे दणकट. ब्लेविट नावाच्या अधिकाऱ्यानं तो आजच्या छत्तीसगडात मिळवला आणि १८७३मध्ये ॲलन ह्यूमनं ब्लेविटच्याच नावानं त्याचं बारसं केलं. होय, तोच काँग्रेसवाला ह्यूम. १८८५मध्ये मुंबईत काँग्रेसचं पहिलं अधिवेशन भरलं, त्याच वर्षी त्याचा कातडी आणि अंडी मिळून ८० हजारांवर नमुन्यांचा संग्रह ब्रिटिश म्युझियमच्या हवाली झाला. ह्यूमवर बरंच लिहिलं गेलं आहे, म्हणून त्याला इथेच सोडतो.

या गोष्टीतला माझा माणूस आहे जेम्स डेव्हिडसन. स्कॉटिश, मुंबई इलाख्यातला सनदी अधिकारी. साहेब फिरतीवर निघाले की एखाद्याची बंदूक वाघासाठी असे, याची पाखरांसाठी. दख्खनच्या पक्ष्यांची यादी त्यानं वेंडनबरोबर केली, तर पश्चिम खानदेशाची एकट्यानं. ती ह्यूमच्या ‘स्ट्रे फेदर्स’ या नियतकालिकात आली. पुढे कारवारकडे बदली झाल्यावर बेल आणि ‘एहा’ म्हणजे एटकिन यांच्या जोडीनं फुलपाखरांवर लिहिलं. १८८०च्या दशकाच्या आरंभी तळोदे-शहादे परिसरात त्याला रानपिंगळे मिळाले. साऱ्या जगाच्या संग्रहालयांत मिळून या पक्ष्याचे सातच नमुने होते, आणि त्यांतले बहुतेक याच्या हातचे. गंमत म्हणजे नेमक्या त्याच सुमारास, १५ सप्टेंबर १८८३ रोजी, मुंबईत आठ जणांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी काढली. त्यांत प्रार्थना समाजाचे डॉ. आत्माराम पांडुरंग होते, रखमाबाईंचे सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन होते आणि एटकिनही होता.

नमुना करायचा म्हणजे पक्षी सोलायचा, मांस काढून टाकायचं, कातड्याला आतून आर्सेनिकचा साबण चोळायचा, कापूस भरून टाके घालायचे आणि पायाला चिठ्ठी बांधायची. चिठ्ठीवर ठिकाण, तारीख, मिळवणाऱ्याचं नाव. मी देवनारचा. आमच्या कचरा डेपोवर घारींचे थवेच्या थवे असतात. त्यांतली एखादी सोलून कपाटात ठेवली आणि चिठ्ठी हरवली, तर ती आशियातली कुठलीही घार होते. सगळी भिस्त त्या चिठ्ठीवर, आणि चिठ्ठी लिहिणाऱ्याच्या सचोटीवर.

माइनर्ट्झहागेनपाशी धाडस होतं, पैसा होता, मोठमोठ्या ओळखी होत्या. सचोटीचा तेवढा तुटवडा. परवानगीवाचून नमुने उचलल्यावरून १९१९मध्ये ब्रिटिश म्युझियमनं त्याला पक्षी विभागात यायला दीड वर्ष बंदी केली होती. तरी १९५४मध्ये त्याचा सुमारे २० हजार कातड्यांचा संग्रह त्याच म्युझियमनं आनंदानं स्वीकारला. त्यात एक रानपिंगळा होता. चिठ्ठीवर ठिकाण तापीकाठचं मांडवी आणि साल १९१४. पक्ष्याचा हा सर्वांत अलीकडचा नमुना, तेव्हा त्याच्या शोधाची दिशा ठरवताना मांडवीला वजन येणारच. सलीम अली आणि डिलन रिप्ली यांनीही रानपिंगळा शोधला. मिळाला नाही. पुष्कळांनी तो नामशेष झाला असंच धरलं.

संशयाची पहिली ठिणगी पक्षितज्ज्ञ ॲलन नॉक्सची. माइनर्ट्झहागेनचे रेडपोल नावाचे चिमुकले पक्षी तपासून १९९३मध्ये त्यानं त्यांच्या चिठ्ठ्यांत लबाडी आहे असं जाहीर लिहिलं. त्यानंतर रिप्लीच्या पक्षी-मार्गदर्शकावर काम करणारी पामेला रासमुसेन या संग्रहाच्या मागे लागली. सोलणाऱ्या प्रत्येकाचा हात वेगळा असतो. टाके कुठे घातले, कापूस कसा भरला, पंख कसे बसवले, यावरून तो ओळखता येतो. मांडवीचा रानपिंगळा उसवून पुन्हा भरलेला निघाला, आणि नव्या कामाखाली जुना हात सापडला तो डेव्हिडसनचा. म्युझियममधूनच लांबवलेला नमुना, नवी चिठ्ठी बांधून म्युझियमलाच दान! रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांचा यावरचा निबंध १९९९मध्ये ‘आयबिस’मध्ये आला. तो पक्षिशास्त्रातला असला, तरी मी पोलिसी पंचनाम्यासारखा वाचला.

निबंध छापून येण्याआधीच त्याचं फळ हाती आलं होतं. मांडवी खोटी म्हटल्यावर ती नकाशावरून पुसली गेली. उरली फक्त खऱ्या चिठ्ठ्यांवरची ठिकाणं. नोव्हेंबर १९९७मध्ये रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट आधी पूर्वेकडच्या जुन्या जागा धुंडाळून आले. तिथे काही नाही. मग शहादे. २५ नोव्हेंबरच्या सकाळी सातपुड्याच्या पायथ्याला, एका निष्पर्ण झाडावर, भर उन्हात रानपिंगळा बसलेला किंगला दिसला. शेवटच्या अस्सल नोंदीनंतर ११३ वर्षांनी! निशाचर समजून रात्री शोधणाऱ्याला तो सहजी दिसलाही नसता, कारण त्याचा वावर बराचसा दिवसाउजेडी. डेव्हिडसनची चिठ्ठी शंभरावर वर्षांनी कामाला आली. आमच्याकडे मात्र कौतुक झालं ते परदेशी पाहुण्यांचं; डेव्हिडसनचं नाव बातम्यांत शोधावं लागतं.

पुढचं काम सोसायटीच्या फराह इश्तियाक आणि असद रहमानी यांनी केलं. तोरणमाळ, मेळघाट, मध्य प्रदेशातलं खकनार अशा जागा त्यांनी नोंदल्या. २०१४मध्ये तर तो तानसा अभयारण्यात आढळला. मुंबईला पाणी देणारं तानसा धरण १८९२चं. तिथवर जायला सोसायटीच्या कुणाला बोटीचं तिकीट काढावं लागत नव्हतं.

एक गोष्ट मला अजून सलते. गुजरातेत डांगच्या जंगलातही पुढे रानपिंगळा मिळाला, आणि डांग मांडवीपासून फार दूर नाही. माइनर्ट्झहागेनचे पाठीराखे यावरून खूश होतील. होवोत. पक्षी कुठे राहत असावा याचा त्याचा अंदाज पक्का होता, कारण तो खरोखरच उत्तम पक्षितज्ज्ञ होता. मांडवीला त्याला रानपिंगळा मिळाला याचा पुरावा म्हणून पुढे केलेलं कातडं मात्र डेव्हिडसननं सोललेलं आहे.