बालकाच्या शयनकक्षासाठी तसबिरींची निवड : रंगसंगती आणि बालदृष्टी

प्रस्तावना

महाराष्ट्रातील वाड्यात किंवा चाळीतील बिऱ्हाडात मुलाची अशी स्वतंत्र खोली सहसा नसे. भिंतीवरील तसबिरी साऱ्या घराच्या असत. देवदेवता, पूर्वज व राष्ट्रपुरुष दाराच्या चौकटीहूनही उंच, दोरीने किंचित पुढे झुकवून टांगलेले असत. राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत शिळाछाप मुद्रणालय सुरू केल्यानंतर छापील चित्रे सामान्य कुटुंबांपर्यंतही पोहोचली. पुढे सदनिकांची संस्कृती रुजली आणि मध्यमवर्गीय घरात ‘मुलांची खोली’ ही संकल्पना आली. या खोलीत कोणती चित्रे लावावीत, हा प्रश्न मात्र बहुधा पडदे व चादरींच्या रंगाशी जुळणारी तसबीर आणून सोडविला जातो.

गृहविज्ञानाच्या अभ्यासक्रमात सुसंवाद, समतोल, प्रमाणबद्धता, लय आणि आकर्षणबिंदू ही गृहशोभनाची तत्त्वे शिकविली जातात. ही तत्त्वे योग्यच आहेत. परंतु ती लागू करताना पाहणारा प्रौढ आहे असे आपण नकळत गृहीत धरतो. पाहणारा बदलला की तत्त्वांचे उपयोजनही बदलते. दोन ते सहा वर्षे वयोगटातील बालक केंद्रस्थानी ठेवून तसबिरींच्या निवडीचा विचार करणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

१. दृष्टिरेषा

कलादालनांत चित्राचा मध्यबिंदू जमिनीपासून सुमारे १४५ ते १५० सें.मी. उंचीवर ठेवण्याची पद्धत आहे. ही उभ्या प्रौढाची दृष्टिरेषा होय. जागतिक आरोग्य संघटनेच्या वाढ-मानकांनुसार तीन वर्षांच्या बालकाची मध्यम उंची सुमारे ९५ सें.मी., तर पाच वर्षांच्या बालकाची सुमारे ११० सें.मी. असते. डोळे माथ्यापेक्षा साधारण १० सें.मी. खाली असतात, हे लक्षात घेतल्यास त्यांची दृष्टिरेषा अनुक्रमे ८५ व १०० सें.मी. येते. म्हणजेच प्रौढांच्या मापाने टांगलेली तसबीर बालकाला मान वर करून, तिरप्या कोनातून पाहावी लागते. त्यात काचेवर दिव्याचे प्रतिबिंब पडले तर चित्र दिसतच नाही. म्हणून बालकाच्या खोलीत चित्राचा मध्यबिंदू ९० ते १०० सें.मी. उंचीवर असणे श्रेयस्कर ठरते. एखादे चित्र पलंगाच्या समोरच्या भिंतीवर लावल्यास ते निजल्यानिजल्याही दिसते.

२. आशय

मारिया माँटेसरी यांनी १९०७ साली रोममध्ये पहिले ‘बालगृह’ सुरू केले. तेथील भिंतींवर मुलांना स्वाभाविकपणे रस वाटेल अशी, साध्या प्रसंगांची चित्रे विचारपूर्वक लावली जात. हा निकष आजही उपयुक्त आहे. प्राणी, पक्षी, झाड, आई व मूल, बाजार, पाऊस असे बालकाच्या अनुभवाशी नाते सांगणारे विषय त्याला बोलते करतात. ज्या चित्राविषयी मूल प्रश्न विचारते, ते चित्र भाषाविकासाचेही साधन बनते.

या दृष्टीने पालघर परिसरातील वारली चित्रशैलीचे उदाहरण घेता येईल. गेरूच्या पार्श्वभूमीवर तांदळाच्या पिठाने रेखाटलेल्या या आकृत्या त्रिकोण, वर्तुळ व रेषा यांतून साकारतात. रेखाटन व पार्श्वभूमी यांतील विरोध स्पष्ट असल्याने आकृती सहज ओळखू येते. शिवाय एकाच चित्रात नाच, शेती, गुरे, पक्षी अशी अनेक दृश्ये असल्याने रोज काहीतरी नवे सापडते.

याउलट, मोठ्या डोळ्यांचे रोखून पाहणारे चेहरे किंवा गडद सावल्यांची चित्रे दिवसा आकर्षक वाटली तरी रात्रीच्या मंद प्रकाशात भीतिदायक ठरू शकतात. निवडीपूर्वी असे चित्र एकदा रात्रीच्या दिव्यात पाहून घ्यावे.

३. संख्या

कार्नेगी मेलन विद्यापीठातील ॲना फिशर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात बालवर्गातील २४ मुलांना भरगच्च सजविलेल्या आणि साध्या अशा दोन प्रकारच्या वर्गांत पाठ देण्यात आले. सजविलेल्या वर्गात मुलांचे लक्ष ३८.६ टक्के वेळ पाठाबाहेर होते. साध्या वर्गात हे प्रमाण २८.४ टक्के होते. हा निष्कर्ष वर्गखोलीचा असून नमुनाही लहान आहे, त्यामुळे तो शयनकक्षाला जसाच्या तसा लावता येणार नाही. तथापि ज्या खोलीत मूल खेळते, पुस्तक पाहते आणि झोपतेही, तेथे संयम राखण्यास तो पुरेसे कारण देतो. एका भिंतीवर एक मोठी किंवा तीन लहान तसबिरी पुरेशा होतात. उरलेली भिंत मोकळी ठेवणे हादेखील सजावटीचाच भाग आहे.

४. रंगसंगती

भिंत, फरशी व कपाट यांचे रंग वारंवार बदलत नाहीत. चादर व पडदे सहज बदलता येतात. म्हणून प्रथम चित्र निवडावे आणि त्यातील एक-दोन रंग कापडात उचलावेत. उदाहरणार्थ, फिकट पिवळसर भिंत आणि सागवानी पलंग असलेल्या खोलीत गेरू रंगाचे वारली चित्र लावल्यास एक गेरू रंगाचा अभ्रा आणि पांढरा सुती पडदा एवढ्यानेच सुसंवाद साधतो. चित्रे भिन्न शैलींची असल्यास सारख्या चौकटी व सारखे पांढरे माउंट त्यांना एकत्र आणतात. १८० सें.मी. लांबीच्या पलंगालगत तसबिरींचा समूह सुमारे १२० सें.मी. रुंद व दोन चौकटींमधील अंतर ५ ते ८ सें.मी. असल्यास प्रमाणबद्धता राहते. खिळे ठोकण्यापूर्वी चौकटींच्या मापाचे कागद भिंतीवर चिकटवून मांडणी पाहावी.

मुलीसाठी गुलाबी व मुलासाठी निळा ही विभागणी बाजाराने रुजविलेली आहे. तिला बालविकासाचा आधार नाही. ती चित्रांच्या विषयातही उतरते आणि मुलीच्या वाट्याला बाहुल्या व मुलाच्या वाट्याला मोटारी येतात. भिंतीने बालकाचे जग असे आधीच अर्धे करू नये.

५. सुरक्षितता व जतन

चित्र खाली आले की ते बालकाच्या हाताच्या टप्प्यातही येते. त्यामुळे काचेऐवजी ॲक्रिलिक वापरावे, चौकट हलकी व गोलसर कडांची असावी आणि ती एका खिळ्याऐवजी भिंतीत पक्क्या बसविलेल्या दोन स्क्रूंवर घट्ट बसवावी. पलंगाच्या उशाशी, डोक्यावर येईल अशी तसबीर लावू नये. कोकणासारख्या दमट हवेच्या भागात पावसाळी ओल येणारी भिंत टाळावी. चौकटीच्या मागील कोपऱ्यांत बुचाचे तुकडे लावल्यास हवा खेळती राहते व बुरशीला आळा बसतो. थेट ऊन पडणाऱ्या जागी छापील रंग लवकर फिके पडतात.

६. बालकाचा सहभाग

व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी १९४७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात बालचित्रकलेच्या विकासावस्था मांडल्या. त्यानुसार साधारण दोन ते चार वर्षे ही गिरगोट्यांची अवस्था असून चौथ्या वर्षानंतर ओळखता येणारे आकार दिसू लागतात. हा प्रवास भिंतीवर दिसावा, यासाठी मागून सहज उघडणारी एक चौकट बालकाच्या स्वतःच्या चित्रासाठी राखून ठेवावी व त्यातील चित्र दर महिन्याला त्याच्याच सल्ल्याने बदलावे. अन्य चित्रांच्या बाबतीतही पालकांनी तीन योग्य पर्याय समोर ठेवावेत आणि अंतिम निवड मुलावर सोपवावी. ते निवडेल ते चित्र चादरीशी जुळेलच असे नाही. अशा वेळी चादर बदलणे अधिक सोपे आहे.

समारोप

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, बालकाच्या शयनकक्षात रंगसंगती ही निवडीची अखेरची पायरी असावी, पहिली नव्हे. दृष्टिरेषा, आशय, संयम, सुरक्षितता व सहभाग या क्रमाने विचार केल्यास रंगांचा मेळ पुढे सहज साधता येतो. स्वतंत्र खोली नसलेल्या घरातही हा विचार लागू पडतो. त्यासाठी जमिनीपासून मीटरभर उंचीवरची एखादी कोपऱ्यातील भिंत पुरेशी आहे. गृहविज्ञान, बालमानसशास्त्र व शिक्षणशास्त्र यांच्या अध्यापकांनी प्रात्यक्षिकांत विद्यार्थ्यांना एकदा गुडघ्यांवर बसून खोलीचे निरीक्षण करण्यास सांगावे. गृहशोभनाची तत्त्वे कोणाच्या डोळ्यांसाठी आहेत, हे त्यातून अधिक स्पष्ट होईल.