सुतळीची चौकट, मैदानाचा हिशेब

पालकहो, शाळेत प्रयोगशाळा नसली तरी जीवशास्त्र अडत नाही. चार काठ्या आणि सुतळी घेऊन एक मीटर लांब-रुंद चौकट करावी. ती कुठे ठेवायची हे चिठ्ठ्या टाकून ठरवावे. हिरवीगार जागा निवडली तर हिशेब खोटा ठरतो. समजा, २०० चौरस मीटर मैदानात १० चौकटींत टाकळ्याची ४० रोपे भरली. सरासरी ४, म्हणजे मैदानात सुमारे ८०० रोपे.

गोगलगायी मात्र जागा बदलतात. २० पकडून शंखावर रंगाचा ठिपका द्यावा व तिथेच सोडाव्यात. काही दिवसांनी पकडलेल्या २० पैकी ५ ठिपकेवाल्या निघाल्या, तर एकूण सुमारे ८०.

मुलांना सांगा, उजाड कोपऱ्याची चिठ्ठी निघाली तर तोही मोजा. मोजल्याशिवाय मानू नये, ही सवय तिथेच लागते.