अमेरिकेतील कॅथॉलिक शाळेचा वसंत

‘कॉन्व्हेंट’ हा शब्द मुंबई-पुण्याच्या सुशिक्षित घरांतून इतका रुळला आहे की, तो उच्चारताच इंग्रजी भाषा, कडक शिस्त आणि प्रवेशासाठी आईबापांची होणारी धावपळ या तीन गोष्टी डोळ्यांपुढे उभ्या राहतात. पुण्याची सेंट व्हिन्सेंट शाळा १८६७ साली निघाली, मुंबईची सेंट झेवियर १८६९ साली. तेव्हापासून हिंदू, पारशी व मुसलमान घरांतील मुलांच्या कित्येक पिढ्या अशा शाळांतून शिकून बाहेर पडल्या. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत मात्र ‘कॅथॉलिक शाळा’ म्हटले की मनात निराळेच चित्र उमटते. तेथे ती बहुधा एका चर्चच्या आश्रयाने, एका वस्तीने चालविलेली लहानशी शाळा असते. चर्चच्या हद्दीतील अशा वस्तीला तेथे ‘पॅरिश’ म्हणतात. वसईकडील ख्रिस्ती मंडळी तिलाच ‘धर्मग्राम’ म्हणतात. या शाळेचे खरे अंतरंग पाहावयाचे असेल, तर फेब्रुवारीच्या अखेरीपासून मे महिन्याच्या शेवटापर्यंतचा काळ निवडावा. उपवास, सण, परीक्षा, बक्षिसे आणि निरोप ही सारी याच तीन महिन्यांत एकत्र येतात, आणि शाळा जगणार की मिटणार याचा हिशेबही बहुधा याच दिवसांत होतो.

या शाळांचा जन्म संपन्नतेतून झालेला नाही. एलिझाबेथ अ‍ॅन सीटन या पाच मुलांच्या विधवा मातेने १८१० साली मेरिलंड राज्यातील एमिट्सबर्ग येथे मुलींसाठी मोफत शाळा उघडली. याच बाईंना पुढे १९७५ साली रोमने संतपद दिले. त्यानंतर आयर्लंड, जर्मनी, इटली, पोलंड या देशांतून दरिद्री कॅथॉलिक कुटुंबे जहाजे भरभरून येऊ लागली. सरकारी शाळांतून बायबलचे प्रॉटेस्टंट भाषांतर वाचले जाई. त्यावरून उठलेला वाद इतका विकोपास गेला की, १८४४ साली फिलाडेल्फिया शहरात दंगली होऊन कॅथॉलिकांची दोन चर्चे जाळण्यात आली. १८८४ साली बाल्टिमोर येथे भरलेल्या बिशपांच्या परिषदेने, प्रत्येक चर्चजवळ दोन वर्षांच्या आत शाळा उभी राहिली पाहिजे, असा ठराव केला. पुढे १९२२ साली ऑरेगन राज्यात, मुलांनी सरकारी शाळेतच गेले पाहिजे, असा कायदा लोकमताने मंजूर झाला. धर्मभगिनींच्या एका संस्थेने त्याविरुद्ध दाद मागितली, आणि १९२५ साली सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा एकमताने रद्द ठरवून, मुलाच्या शिक्षणाची दिशा निवडण्याचा आईबापांचा हक्क मान्य केला. सारांश, परक्या देशात आलेल्या गरिबांनी पैपैसा जमवून ज्या शाळा उभारल्या, त्यांचीच परंपरा आजच्या शाळा चालवीत आहेत.

ही वर्गणीची परंपरा अद्याप सुटलेली नाही. मुलांच्या फीमधून शाळेचा सगळा खर्च सहसा भागत नाही. काही भाग चर्चमध्ये रविवारी जमणाऱ्या दानातून येतो, आणि उरलेला पालकांना खटपट करून उभा करावा लागतो. अलीकडे काही राज्यांनी अशा फीसाठी सरकारी साहाय्य देऊ केले आहे. इतरत्र भार मुख्यतः कुटुंबांवरच आहे. पुष्कळ शाळांतून तर पालकांनी वर्षाकाठी ठरावीक तास शाळेचे काम केलेच पाहिजे, असा नियम असतो. कोणी ग्रंथालय लावतो, कोणी रस्ता ओलांडणाऱ्या मुलांना सांभाळतो, कोणी खेळ शिकवितो. वसंतात हवा निवळली की मुलांच्या धावण्याचा दिवस ठरतो. मैदानाला एक फेरी मारली की शेजाऱ्याने अथवा आजोबांनी इतके पैसे द्यावयाचे, असे आधीच कबूल करून घेतलेले असते. पाच-सहा वर्षांची पोरे धापा टाकीत फेऱ्या मोजतात, आणि त्या फेऱ्यांतून वाचनालयाची पुस्तके अथवा विज्ञानाची साधने विकत घेतली जातात.

या ऋतूचा प्रारंभ होतो तो उपवासाने. ईस्टरपूर्वीच्या चाळीस दिवसांच्या व्रतकाळाला इंग्रजीत ‘लेंट’ म्हणतात, आणि या शब्दाचा जुन्या इंग्रजीतील मूळ अर्थच मुळी ‘वसंत’ असा आहे. ईस्टरची तिथी आपल्या सणांप्रमाणेच चंद्रावर अवलंबून असते. वसंतसंपातानंतरच्या पौर्णिमेमागून येणारा रविवार तो ईस्टर. म्हणून तो बहुधा कधी फाल्गुनी, तर कधी चैत्री पौर्णिमेच्या पाठोपाठ येतो. व्रताच्या पहिल्या दिवशी, म्हणजे राखेच्या बुधवारी, मागील वर्षीच्या झावळ्या जाळून केलेल्या रक्षेचा क्रूस मुलांच्या कपाळावर रेखतात. शुक्रवारी मांस वर्ज्य करण्याचा नियम चौदा वर्षांवरील व्यक्तींना लागू आहे, आणि उपवासाचा नियम अठरा वर्षांवरील प्रौढांना. त्यामुळे लहान मुलांवर तशी सक्ती नसते. तथापि मिठाई, खेळणे किंवा दूरचित्रवाणी यांपैकी एखादी आवडती वस्तू प्रत्येकाने आपखुशीने सोडावी, अशी शिकवण असते.

सोडलेल्या वस्तूचे पैसे कोठे जातात, हे पाहिले म्हणजे या व्रताचा सामाजिक अर्थ ध्यानी येतो. आफ्रिकेतील दुष्काळाच्या बातम्या ऐकून पेनसिल्व्हेनियातील अ‍ॅलनटाउन येथे १९७५ साली ‘राइस बोल’ नावाचा उपक्रम सुरू झाला. पुठ्ठ्याची एक लहान पेटी घरोघर जेवणाच्या मेजावर ठेवावयाची आणि साधे जेवण करून वाचलेले पैसे तीत टाकावयाचे, अशी ही योजना आहे. जमलेल्या रकमेपैकी तीन चतुर्थांश परदेशांतील भुकेलेल्यांकडे जातात व एक चतुर्थांश आपल्याच धर्मप्रांतातील गरजूंसाठी ठेवतात. आपल्याकडील मूठभर धान्याची प्रथा ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ही पेटी परकी वाटणार नाही.

शुक्रवारच्या मांसबंदीतून आणखी एक गमतीची चाल निघाली. मिलवॉकी, सिनसिनाटी, पिट्सबर्ग अशा शहरांतून लेंटच्या शुक्रवारी संध्याकाळी शाळेच्या अथवा चर्चच्या सभागृहात तळलेल्या मासळीचे जेवण मांडतात. बाप कढईपाशी उभे राहतात, आया ताटे भरतात, वरच्या इयत्तांतील मुले वाढतात आणि मेजे पुसतात. जेवावयास येणाऱ्यांत सर्व धर्मांचे शेजारी असतात. ज्या वृद्धांची मुले केव्हाच शाळा सोडून गेली, तेही येतात, आणि आठवीतल्या पोराला त्याच्या नावाने हाक मारतात. मुलाला साऱ्या वस्तीने ओळखणे हा या शाळेचा एक मोठा ठेवा आहे.

ईस्टर उलटल्यावर दुसरीतील मुलांचा मोठा दिवस येतो. पूर्वी प्रथम ख्रिस्तप्रसाद घेण्यासाठी मुलाला दहा-बारा वर्षांचे किंवा त्याहूनही मोठे होईपर्यंत थांबावे लागे. पोप दहावे पायस यांनी १९१० साली आज्ञापत्र काढून, समज येण्याचे वय सुमारे सात वर्षांचे मानावे, असे ठरविले. तेव्हापासून सात-आठ वर्षांची मुले शुभ्र वेष करून वेदीपाशी जातात. मुंजीच्या बटूकडे जसे साऱ्या मांडवाचे डोळे लागतात, तसेच त्या दिवशी त्यांच्याकडे लागतात. मे महिना मरियामातेचा. त्या महिन्यात मुलांच्या मिरवणुकीने जाऊन तिच्या मूर्तीच्या मस्तकी फुलांचा मुकुट ठेवतात. हा मान कोठे आठवीतील मुलीला मिळतो, कोठे नुकताच ख्रिस्तप्रसाद घेतलेल्या बालकांना.

आता विद्यार्थ्यांच्या यशाकडे वळावे. कॅलिफोर्नियातील कॅथॉलिक शाळांची ‘अकॅडेमिक डेकॅथलॉन’ ही स्पर्धा या दृष्टीने विशेष बोधप्रद आहे. सहावी ते आठवीतील दहा मुलांचा एक संघ असतो. त्यांपैकी आठ जण धर्म, इंग्रजी, साहित्य, विज्ञान, गणित, समाजशास्त्र, ललितकला व चालू घडामोडी यांपैकी एकेका विषयाची परीक्षा एकट्याने देतात. परंतु तर्काची कोडी आणि एक विस्तृत प्रश्नमंजूषा, या दोन परीक्षा दहाही जणांनी एकत्र बसून, आपसांत विचारविनिमय करून द्यावयाच्या असतात. संघाच्या यशात दोहोंचे गुण धरले जातात. मार्चमध्ये धर्मप्रांतांच्या फेऱ्या होतात, आणि तेथील विजेते मे महिन्यात राज्याच्या स्पर्धेस जातात. एकट्याची हुशारी आणि दहा जणांचा मेळ ही दोन्ही एकाच तराजूत तोलणारी परीक्षा आपल्याकडे क्वचितच आढळेल. याच दिवसांत विज्ञानाची प्रदर्शने भरतात, आणि १९२५ पासून चालत आलेल्या राष्ट्रीय शब्दलेखन स्पर्धेकडे सरकारी व खाजगी अशा सर्वच शाळांतील मुलांचे डोळे लागलेले असतात.

लहान शाळेत आणखी एक गोष्ट आपोआप घडते. प्रत्येक इयत्तेची एकच तुकडी असली की निवड करावयास मुलेच थोडी असतात. मग जो गणिताच्या संघात असतो, तोच गायनवृंदात उभा राहतो, आणि बास्केटबॉलच्या संघातही त्याच्यावाचून अडते. मोठ्या शाळेत मागील बाकावर राहिला असता, असा मुलगाही येथे कशाला तरी आवश्यक ठरतो. अनेक शाळांतून आठवीच्या मुलाकडे बालवर्गातील एक मूल वर्षभर सोपविलेले असते. प्रार्थनेच्या वेळी तो त्याला शेजारी बसवितो आणि पुस्तक वाचून दाखवितो.

अशा जवळिकीचा अभ्यासाशी काही संबंध आहे काय, हा प्रश्न समाजशास्त्रज्ञ जेम्स कोलमन यांनी हाती घेतला. १९८७ साली त्यांनी व थॉमस हॉफर यांनी प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात असे दाखविले की, कॅथॉलिक माध्यमिक शाळांतून अर्ध्यावर शिक्षण सोडणाऱ्यांचे प्रमाण सरकारी शाळांपेक्षा बरेच कमी आहे. मुलाच्या मित्राचे आईबाप एकमेकांना ओळखतात, तेव्हा मुलावर अनेक डोळे राहतात, अशी त्यांची उपपत्ती होती. फी भरून मूल पाठविणारे पालक मुळातच अधिक दक्ष असतात, असा आक्षेप यावर घेतला जातो, आणि तो विचारात घेण्याजोगा आहे.

परंतु हा वसंत सर्वत्र हसरा नाही. १९६५ च्या सुमारास सुमारे तेरा हजार कॅथॉलिक शाळांतून बावन्न लाख मुले शिकत होती. आज शाळा सहा हजारांच्या आत आल्या आहेत आणि मुले सुमारे सतरा लाख आहेत. अल्प वेतनावर शिकविणाऱ्या धर्मभगिनींची संख्या घटली, कुटुंबे उपनगरांकडे सरकली, फी वाढली, आणि धर्मगुरूंनी केलेल्या बाल-अत्याचारांची प्रकरणे उघडकीस आल्याने लोकांचा विश्वासही डळमळला. २०२० सालच्या साथीनंतर एका वर्षात दोनशेहून अधिक शाळा बंद झाल्या अथवा दुसऱ्या शाळांत विलीन झाल्या. लगेच पुढल्या वर्षी मुलांची संख्या सुमारे चार टक्क्यांनी वाढली, ही त्यातल्या त्यात आशेची खूण. पुढील वर्षासाठी नावे किती आली, हा आकडा वसंतातच हाती येऊ लागतो. एकीकडे मुकुटासाठी फुले गुंफली जात असतात, तर दुसरीकडे चर्चच्या कचेरीत हा आकडा मोजला जात असतो.

शाळा मिटली तर केवळ मुलांचे नुकसान होते काय? मार्गारेट ब्रिनिग व निकोल गार्नेट या दोन विदुषींनी शिकागो शहराचा अभ्यास करून २०१४ साली आपला निष्कर्ष ग्रंथरूपाने मांडला. ज्या वस्त्यांतून कॅथॉलिक शाळा नाहीशा झाल्या, तेथे शेजाऱ्यांचा परस्परांवरील विश्वास ओसरला आणि बेशिस्त वाढली, असे त्यांना आढळले. मासळीच्या जेवणाला येणाऱ्या त्या वृद्धांनी आठवीतल्या पोराला नावाने हाक मारणे किती मोलाचे होते, हे अशा वेळी कळते.

मेच्या अखेरीस किंवा जूनच्या आरंभी आठवीचा निरोपसमारंभ होतो. ढाली, प्रशस्तिपत्रे आणि पदके वाटली जातात, नावे पुकारली जातात. टाळ्या वाजविणाऱ्यांत कढईपाशी उभा राहिलेला बाप असतो, फेरीमागे पैसे देणारा शेजारी असतो, आणि वर्षभर ज्याला शेजारी बसवून घेतले, ते बालवर्गातील मूलही असते. पुढल्या वसंतात त्या मुलाला सांभाळावयास नवा आठवीचा वर्ग असेल की नाही, हे मात्र कचेरीतील त्या आकड्यावर अवलंबून असते.