पिकअपआधी स्क्रूड्रायव्हर
मिरवणुकीतला बेंजो असो की इलेक्ट्रिक गिटार, पिकअप म्हणजे चुंबकाभोवती गुंडाळलेली तांब्याची बारीक तार. वरची पोलादी तार थरथरली की तांब्याच्या तारेत वीज उमटते. म्हणून देवणीतल्या वादकाने महागडा पिकअप मागवण्याआधी जुन्याचीच उंची बदलून पाहावी. तो तारांच्या फार जवळ असला तर चुंबक तारांना ओढतो, सूर डगमगतो. जरासा खाली घेतला की आवाज मोकळा होतो. व्हॉल्यूमचा २५० किलोओहमचा पॉट काढून ५०० चा बसवला तर आवाजाला धारही येते, तीही किरकोळ खर्चात. कुणी म्हणेल, घूंऽऽ आवाजाचं काय? एका कॉइलचा पिकअप ५० हर्ट्झची विजेची घरघर पकडतोच, ती उंची बदलून जात नाही. अभियंते सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये गिब्सन या गिटार कंपनीसाठी दोन कॉइल उलटसुलट जोडून तिच्यावर तोड काढली. त्या पिकअपवरचा खर्च रास्तच. फक्त आधी अर्थिंग तपासावं.